योएल २:२५ चं वचन निघालं, पण सासरे विचारतात "कोनती वर्षं?"

धुऱ्यावरची_बाभूळ

सगळ्यांना जय ख्रिस्त. प्रश्न लांबणार आहे, मोबाईलवर लिहितेय, चुका पोटात घाला.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, घाटंजीकडचे. पाच एकर कोरडवाहू वावर, कापूस अन् मधात तुरीच्या ओळी. आमच्या मंडळीत ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनाची कार्डं काढतात, स्टीलच्या डब्यात टाकलेली असतात, घरातल्या मोठ्या माणसानं हात घालायचा अन् निघेल ते त्या घराचं वर्षभराचं वचन. यंदा सासूबाईंच्या हाती बायबलातल्या योएल संदेष्ट्याच्या पुस्तकाचं २:२५ आलं. टोळांनी खाल्लेली वर्षं मी तुम्हाला भरून देईन, असं. सासूबाई तिथंच रडायला लागल्या. घरी येऊन मी ते कार्ड फ्रीजच्या वर भिंतीला चिकटवलं. मामाजींनी (सासऱ्यांनी) सकाळी चष्मा लावून वाचलं अन् एवढंच म्हणाले, "कोनती वर्षं? सतराचं का त्याच्या मांगचं?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं आमची पऱ्हाटी वरून हिरवीगार अन् आतून खलास केली होती. बोंड दिसायला टपोरं, अंगठ्यानं दाबून फोडलं की आत कवडी, तपकिरी डागांचा चिकट कापूस अन् सरकीत ती अळी घर केल्यासारखी बसलेली. वेचणीवाल्या बायांची मजुरी अन् कापसाचे पैसे बरोबरीला आले, हाती काही नाही. नणंदेचं लग्न पुढं गेलं, सोसायटीचं कर्ज थकलं, ते अजून पूर्ण निघालं नाही.

अन् त्याच साली आमच्याकडं कॉटेज मिटिंग (घरातली प्रार्थनासभा) होती, बाहेरून आलेल्या एका भावानं (नाव घेत नाही) सगळ्यांसमोर बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाचं २८:३८ काढलं. शेतात पुष्कळ बी नेशील पण थोडंच गोळा करशील कारण टोळ ते खाईल. ते वाचून मामाजींकडं पाहत म्हणाला, घरात कुठंतरी पाप लपलंय ते शोधा. मामाजी काही बोलले नाहीत. उठले, ओट्यावर जाऊन चप्पल घातली. तेव्हापासून चर्चला येत नाहीत, रविवारी बरोबर घंटेच्या टायमाला वावरात निघतात.

तर माझा प्रश्न असा की टोळाचं एक वचन आम्ही भिंतीला लावतो अन् टोळाचंच दुसरं कोणी तोंडावर मारलं की आम्हाला राग येतो, हे बरोबर आहे का? आशीर्वाद घ्यायचा तर शाप का नाही घ्यायचा? दोन्ही इस्राएलालाच सांगितलेली ना. मग आपण विदर्भातले ख्रिस्ती, आपला हिस्सा त्यात आला कुठून? कार्ड काढून टाकू का ठेवू, हेसुद्धा समजत नाही. मामाजी जेवायला बसले की ते बरोबर डोळ्यासमोर येतं.

विश्वासाची_बंडी

आमेन ताई! शंका घेऊ नका. २ करिंथ १:२० वाचा, देवाची जितकी वचनं आहेत ती ख्रिस्तामध्ये "होय" आहेत. सगळी, म्हणजे योएलमधलं पण. शाप ख्रिस्तानं वधस्तंभावर घेतला (गलती ३:१३), म्हणून शाप आपला नाही अन् आशीर्वाद आपला, इतकं सोपं आहे. मी स्वतः यिर्मया २९:११ वर (तुमच्या हिताचे संकल्प माझ्याजवळ आहेत, असं देव म्हणतो ते) दावा केला होता तेव्हा नोकरी नव्हती, आठ महिन्यात लागली. कार्ड काढू नका, रोज त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करा, सासऱ्यांना पण हात ठेवायला लावा.

संत्र्याचा_बार

ताई जय ख्रिस्त. मी वरुडकडचा, संत्रा हाये अन् दोन एकर पऱ्हाटी बी.

टोळ म्या माह्या डोयानं पाह्यले. मे २०२० मधे, लाकडाऊन चालू होतं, मध्य प्रदेशातून इकडं मोर्शी-वरुडले उतरले, मंग आष्टी, काटोलकडं गेले. आधी वाटलं वावधन येते, आभायच मयकं झालं. आम्ही डबे वाजवले, ताटं वाजवली, धूर केला, पोट्टे नुसते बोंबलत धावत होते. आवाज काय होता सांगू, झाडावर बसले की खाताना कर्रकर्र असा बारीक आवाज येते, हजार मानसं पापड खाऊन रायले असं वाटे. रात्री झाडावर बसून रायतात तवा फवारनी केली.

पन टोळ सांगून येते हो. बोंडअळी सांगत नाही. अंडं फुलापाशी, अळी बारकी असतानाच आत घुसते, भोक बुजून जाते अन् बाहेरून बोंड नवरीवानी. डोमकळी (न उमललेलं, पाकळ्या चिकटलेलं फूल) दिसली तेवढीच खूण, ते बी ज्याले माहीत त्याले. मंग मले सांगा याच्यात लपलेलं पाप कोनाचं? बीटी, म्हनजे अळी मारनारं बियानं, २००२ ले आलं, सुरवातीले अळी मरे, मंग अळी त्याले सरावली. अन् आपन काय केलं त फरदड ठेवली, मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी, म्हनजे अळीले बारमाही खानावळ. बियान्यासोबत नॉन-बीटीचं छोटं पाकीट येत होतं, अळी लवकर सरावू नये म्हनून धुऱ्याच्या कडंनं लावाचं, ते कोनं लावलं? म्या त फेकलं. पाप म्हना त हे पाप हाये, पन हे लपलेलं नाही, अख्ख्या गावानं मिळून उघड्यावर केलेलं हाये. एकट्या तुमच्या सासऱ्याले उभं कराचं काय काम?

अन् विश्वासाची_बंडी भाऊ, राग नोको मानू, यिर्मया २९ ची दहावी ओळ वाचली का? बाबेलच्या बंदिवासात ७० वर्ष झाल्यावर, असं म्हनते तिथं. तुले आठ महिन्यात भेटलं, तुह्यं नशीब चांगलं.

विश्वासाची_बंडी

भाऊ नशीब नाही, कृपा. पण ७० वर्षांचं मी खरंच कधी वाचलं नव्हतं, प्रामाणिकपणे सांगतो. कार्डावर फक्त ११ वी ओळच असते.

जुनी_वही

या बोलण्यात एक म्हाताराही घुसतो. मी निवृत्त पाळक. यवतमाळला सेमिनरी (पाळकांचं विद्यालय) होती तेव्हा तिथं शिकलो, १९८३ साली ती पुण्याला गेली त्याच्या आधीची गोष्ट. हिब्रू शिकलो, अर्धं विसरलो, वही मात्र जपून ठेवली आहे, त्यातूनच सांगतो.

लेकी, तुझा प्रश्न चांगला आहे, कारण तू दोन्ही वचनं एका तराजूत टाकलीस. बहुतेक लोक एकच टाकतात.

आधी अनुवाद २८. तिथं "तू" आहे, एकवचनी, म्हणून माणसाला वाटतं की मलाच म्हणतोय. पण मोशे अख्ख्या इस्राएलाला मिळून "तू" म्हणतो. दोन ओळी वर, ३६ व्या वचनात, तू आपल्यावर नेमलेल्या राजाला परक्या राष्ट्रात नेतील असं आहे. तुझ्या सासऱ्यांनी कोणता राजा नेमला होता? ते राष्ट्राशी केलेल्या कराराचं कलम आहे, ते उचलून पाच एकरवाल्या एका माणसावर लावणं म्हणजे तालुक्याचा दुष्काळ एकाच सातबाऱ्यावर चढवण्यासारखं झालं. आणि प्रभूनं तर हे गणित सरळ मोडलेलं आहे. शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले ते बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते का, लूक १३ वाचा. त्या भावानं ते वाचलं असतं तर बरं झालं असतं.

आता योएल. राजाचं नाव नाही, साल नाही. आणि विशेष म्हणजे अमुक पापामुळे टोळ आले असं तो कुठंच म्हणत नाही. मनापासून मागं फिरा, कपडे नव्हे हृदय फाडा असं म्हणतो, पण पापाची यादी काढत बसत नाही. पहिला अध्याय म्हणजे निव्वळ पंचनामा आहे. कुरतडणाऱ्यानं ठेवलं ते झुंडीनं खाल्लं, झुंडीनं ठेवलं ते चाटणाऱ्यानं, चाटणाऱ्यानं ठेवलं ते फस्त करणाऱ्यानं. हिब्रूत चार वेगळी नावं आहेत, गाजाम, अर्बे, येलेक, हासिल. चार जाती की एकाच टोळाच्या चार अवस्था यावर अभ्यासकांचा वाद आहे, मला तो वाद फार महत्त्वाचा वाटत नाही. एकावर एक मार बसतो आणि प्रत्येक वेळी थोडं उरलेलं असतं तेही जातं, हे आपल्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको. मग अंजीर सोलून फांद्या पांढऱ्या पडल्या, ढेकळाखाली बी सुकलं, कोठारं ओस पडली, चारा नाही म्हणून गुरं हंबरतात. १९१५ ला यरुशलेमकडं टोळधाड आली होती, तेव्हाचे फोटो आहेत, आधी पानांनी भरलेलं अंजिराचं झाड आणि नंतर तेच झाड उघडं. माणूस बघून लिहितो ते असंच.

एक शब्दाचा खेळ आहे, तो मराठीत येत नाही. पहिल्या अध्यायाच्या १० ते १२ वचनांत "वाळून गेलं" आणि "लाज वाटली" याला हिब्रूत जवळजवळ एकच आवाज आहे, होबिश. द्राक्षारस होबिश, द्राक्षवेल होबिश, आणि मधेच शेतकरी होबिश. पीक वाळतं तसा शेतकरी लाजेनं वाळतो. आणि हाच शब्द पुढं २:२६ आणि २:२७ मध्ये परत येतो, लागोपाठ दोनदा, माझे लोक पुन्हा कधी लज्जित होणार नाहीत. तुझ्या कार्डावरचं वचन बरोबर पहिल्या अध्यायातली लाज आणि हे आश्वासन यांच्या मधात बसलेलं आहे, पण कार्डावर मागचं पुढचं छापत नाहीत ना. किराणा दुकानासमोरून जाताना मान खाली घालावी लागते, सोसायटीत लिस्ट लागते, व्याही विचारतात, ही ती लाज. नुसत्या क्विंटलचा हिशेब नाही तो.

आणि रडायला कोणाला सांगितलं आहे बघ. १:१३, याजकांनो, गोणपाट नेसा, रात्रभर त्यातच पडून राहा. म्हणजे वावर बुडालं तर आधी आम्ही पाळकांनी रात्र काढायची. बोट दाखवायचं काम आम्हाला दिलेलंच नाही. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते, २०१७ ला मीसुद्धा कोणाच्या वावरात रात्र काढली नव्हती.

आता "भरून देईन". इथं शिल्लम्ती असा शब्द आहे, शालोम ज्या मुळातून आला त्याच मुळातला. पण हा शब्द उपासनेतला कमी आणि पंचायतीतला जास्त आहे. निर्गम २२:५ काढ. एखाद्यानं आपली गुरं सोडली आणि ती दुसऱ्याच्या वावरात चरली, तर त्यानं स्वतःच्या वावरातलं उत्तमातलं उत्तम भरून द्यावं. पुढच्या ओळीत विस्तव काट्याकुट्यात पसरून दुसऱ्याची गंजी जळाली तर, म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात धुरा जाळताना होतं तेच. तिथं "भरून द्यावं" याला हाच शब्द आहे. योएलात देव या भाषेत बोलतो. बक्षीस देतो म्हणत नाही, ज्याची गुरं शिरली त्या शेजाऱ्याच्या भाषेत नुकसानभरपाई देतो म्हणतो.

"तुम्हाला" हा शब्द तिथं अनेकवचनी आहे. मराठीत घोळ होतो, आपण सासऱ्यांनाही तुम्ही म्हणतो आणि गावालाही तुम्हीच. मूळ भाषेत तो गावाला म्हटलेला आहे, म्हाताऱ्यांपासून अंगावरच्या लेकरापर्यंत सगळे जमले (२:१६) त्यांना. एका घरानं डब्यातून काढून नेण्यासारखं ते नाही.

लोणारचा_पाहुणा

वाचतोय, मस्त चाललंय. एक फालतू भर घालतो. लेवीय ११:२२ प्रमाणे टोळ खायला चालतात, योहान बाप्तिस्मा करणारा तर त्यावरच जगत होता, मधासोबत. बोंडअळीला मात्र शास्त्रात कुठं जागा नाही, ना खायला ना शाप द्यायला.

संत्र्याचा_बार

पाळक साहेब, गुराचं समजलं, पन एक खटकते. त्याच वचनात शेवटी "मी तुमच्यावर पाठवलेलं माझं मोठं सैन्य" असं हाये ना? टोळ देवाचेच. म्हनजे गुरं बी त्याचेच, सोडले बी त्यानंच, अन् भरपाई बी तोच देते. मंग गुन्हा कोनाचा झाला? आमच्याकडं कोनी मुद्दाम बैल सोडले त भरपाई घेऊन बी आपन त्याच्याशी बोलत नाही दोन-चार वर्ष.

जुनी_वही

बोलू नका. मी तुमच्या जागी असतो तर मीही बोललो नसतो.

तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलं आणि मी ते टोक घासून बोथट करणार नाही. योएल ते वाक्य झाकत नाही, मी कशाला झाकू. सगळं गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटीही असंच आहे, त्याला गेलेल्याच्या दुप्पट मिळतं (४२:१०), आणि दुप्पट कोण देतो तर निर्गम २२ मध्ये चोर देतो. काही अभ्यासक या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचतात. जुन्या कराराचे लोक देवाशी असं भांडू शकायचे, आपण फार लवकर आमेन म्हणतो.

पुढचं मी ख्रिस्ती म्हणून म्हणतो, योएलाच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही. "स्वतःच्या वावरातलं उत्तमातलं उत्तम" हे वाचलं की मला वधस्तंभच दिसतो. धन्यानं भरून देताना हलकं काढून दिलं नाही, घरातलं एकुलतं एक दिलं. पोरगं गेलेल्या एका घरात मी हे बोललो होतो, तिथं कोणी आमेन म्हटलं नाही, पण मला चहा दिला.

आणि ताईचा हिस्सा कुठून आला हे राहिलं. योएल २:२८ चा आत्म्याचा भाग पेत्रानं पेन्टेकॉस्टला, म्हणजे शिष्यांवर आत्मा उतरला त्या दिवशी, घेतला (प्रेषितांची कृत्ये २), आणि २:३२, जो कोणी प्रभूचं नाव घेईल, ते पौलानं रोम १०:१३ मध्ये परराष्ट्रीयांसाठी उघडलं. त्या दारातून आपण आत आलो. त्या घरात आपण पाहुणे म्हणून गेलो आणि मग घरचे झालो. पण घरचा माणूस कोठीतून फक्त आपल्या आवडीचा डबा काढून घेत नाही, घरातलं रडणंही त्याचंच असतं. म्हणून बंडीवाल्या भावाला मी खोटं पाडत नाही. वचन ख्रिस्तात "होय" आहेच. फक्त सैतानानंसुद्धा मंदिराच्या टोकावर प्रभूपुढं स्तोत्र ९१ चं वचनच केलं होतं, खाली उडी टाक, दावा कर म्हणून, आणि प्रभूनं दावा केला नाही.

विश्वासाची_बंडी

हे शेवटचं लागलं मला. विचार करतो.

ताई, सासऱ्यांना हात ठेवायला लावा म्हटलं ते मागं घेतो.

धुऱ्यावरची_बाभूळ

सगळ्यांचे आभार, दोन दिवस रेंज नव्हती म्हणून उशीर.

पाळक साहेबांचं वाचून मी कार्ड तसंच ठेवलं अन् काल रात्री जेवणं झाल्यावर पहिला अध्याय मोठ्यानं वाचला. मुलीला वाचून दाखवते असं म्हणून. आमच्या घरी पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची एक प्रत आहे, आजेसासूंची, जिल्द सुटलेली, पण भाषा बाया-माणसांना समजेल अशी, म्हणून तीच घेतली. मामाजी बाजीवर पडून होते, भिंतीकडं तोंड करून. चार टोळांपाशी काही हालचाल नाही. ढेकळाखालच्या बियापाशी आले तेव्हा म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. म्हणे, "लिवनारा कास्तकार होता का?" मी म्हटलं माहीत नाही, संदेष्टा होता. म्हणे "संदेष्ट्याले ढेकूळ कसं माहीत." मग उठून बसले.

मग मी गुरांचं सांगितलं, निर्गमातलं. याच्यावर ते बराच वेळ हसले, मला वाटलं चुकलंच माझं काही. तर म्हणे तुह्या नवऱ्याच्या जन्माच्या साली आपला गोऱ्हा शेजाऱ्याच्या तुरीत शिरला होता, दावं तुटलं होतं, रातभर चरला. सकाळी पंच जमले नाहीत काही नाही, मामाजींनीच घरची दोन कुडव तूर नेऊन दिली. सासूबाई आतून म्हणाल्या, "अन् माह्याकडून चाळून घेतली होती पयले, खडा नाही राहू देला." त्यावर मामाजी म्हणाले, "मंग? द्याची त चांगलीच द्याची ना."

मग कोणीच काही बोललं नाही. मुलगी झोपली होती मांडीवर. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं दुसरा अध्याय किती लांब आहे. मी म्हटलं ३२ वचनं. म्हणे उद्या वाच, आज जागलीची पाळी माही हाये, डुकरं येतात हरभऱ्यात. बॅटरी घेऊन गेले.

रविवारी येतील का ते मी विचारलं नाही.